नाकामागची चाळणी

पहाटे पावणेसहा

सर्जेकोटला स्कूटर लावली आणि होडीने खाडी ओलांडली तेव्हा अजून काळोखच होता. पलीकडे तळाशील. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माडांची आणि घरांची चिंचोळी पट्टी. जानेवारीत मालवणात थंडी म्हणजे पहाटे स्वेटर लागतो आणि आठ वाजता तो कमरेला बांधून फिरावं लागतं, एवढीच.

मी इथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आज तिसऱ्या वर्षाला कवटीचं प्रात्यक्षिक आहे. कवटी शिकवायच्या दिवशी मी शक्यतो सकाळी किनारा गाठते. कपाटातल्या कवटीला नाकाच्या जागी नुसतं भोक असतं आणि मुलांना ते रिकामं वाटतं. त्या भोकाने काल रात्री काय काय केलं, हे सांगायला वाळूसारखी जागा नाही.

कासवांवर लक्ष ठेवणारा गावातला मुलगा बॅटरी घेऊन पुढे गेला होता. त्याने लांबूनच हाक मारली. भरतीरेषेच्या वर, मर्यादवेलीच्या कडेला, वाळू उकरलेली होती आणि खड्ड्याभोवती अंड्यांची टरफलं पसरलेली. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वर आली, दीडेक फूट खोल खड्डा केला, शंभरेक अंडी घातली, वाळू लोटून पोटाने थापटून परत गेली. आम्ही पोचायच्या आत दुसरं कोणीतरी पोचलं होतं.

"कोलोच," तो मुलगा म्हणाला. "कुत्रो न्हय."

त्याचं बरोबर होतं. पुढच्या पावलाच्या ठशात मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूने एकमेकींना चिकटलेल्या होत्या. सोनेरी कोल्ह्याची ही खूण कुत्र्याच्या ठशात मिळत नाही. पण मला जास्त रस होता तो ठसे कुठून आले यात. कोल्हा माडांच्या बाजूने आलेला नव्हता. पाण्याच्या कडेने, ओल्या वाळूवरून, तो उत्तरेकडून सरळ चालत आला होता. एका जागी थांबला, तिथे ठसे एकमेकांवर पडलेले. आणि तिथून काटकोनात वळून थेट खड्ड्यावर गेला. मधे कुठे शोधाशोध नाही, घुटमळणं नाही.

पहाटे आमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. शाळेच्या भूगोलात आपण पाठ केलेले ते मतलई वारे. घरट्याचा वास घेऊन हा वारा पाण्याकडे निघालेला असतो. पाण्याच्या कडेने चालणारा कोल्हा म्हणजे किनाऱ्यावरच्या प्रत्येक वासाला आडवा छेद देत जाणारा कोल्हा. माडांखालून चालला असता तर वारा त्याच्याकडून घरट्याकडे गेला असता आणि हे घरटं त्याला कळलंही नसतं. हे त्याला कोणी शिकवलं असेल असं मी म्हणत नाही. ओल्या वाळूवर चालणं सोपं असतं, मेलेले मासेही तिथेच पडतात. पण वळला तो वाऱ्याच्या तोंडाला, हे वाळूवर स्पष्ट होतं.

उरलेली धड अंडी त्या मुलाने खालची ओली वाळू घालून बादलीत घेतली आणि संरक्षित कुंपणाकडे निघाला. घरटं घातल्याच्या पहिल्या रात्री आणि पुन्हा पिल्लं निघायच्या सुमाराला धोका जास्त, कारण वास त्याच वेळी जास्त. मधले दिवस त्या मानाने शांत जातात.

सात

पट्टी ओलांडून खाडीच्या अंगाला यायला दहा मिनिटं पुरतात. होडीवाले काका तिथे येऊन थांबले होते. कांदळवनाच्या कडेला एक वाळूचा उंचवटा आहे, त्यावर उदांची ठरलेली जागा आहे. ऊद म्हणजे पाणमांजर. आमच्या जिल्ह्यात दोन जातींचे ऊद आहेत. खाड्यांमधून आणि नद्यांमधून टोळीने फिरणारा मोठा, गुळगुळीत केसांचा. आणि तिलारीकडच्या ओढ्यांमध्ये दगडाखालचे खेकडे चाचपणारा, लहान नख्यांचा.

"ह्यां ताजां आसा, बाई," काका म्हणाले. "फाटफटी इले आसतले."

ताजं होतं. काळपट, चिकट, त्यात खवले, माशाच्या मणक्यांचे बारीक तुकडे, खेकड्याच्या कवचाची एक लालसर कपची. वास असा की खाली बसायची गरज नाही. मी फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून पुन्हा काढले, वेळ लिहिली, आणि हात लावला नाही. दोन्ही जातींचे ऊद वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. 2019 साली आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या वरच्या यादीतही दोघे एकाच बैठकीत गेले. नमुना घ्यायचा तर परवानगीचा कागद लागतो, आणि आज माझ्याकडे तो नव्हता.

काकांची तक्रार वेगळीच. "माझ्या जाळ्यातली शेंगटी खाल्ल्यानी आणि जाळा फाडून ठेवल्यानी. पाण्यात बुडी मारून वास घेतत काय ते?"

"नाही काका. पाण्यात ते नाकपुड्या मिटून घेतात."

"मगे मासो गावता कसो?"

प्रश्न चोख आहे. गढूळ खाडीत, अंधारात, नाक बंद ठेवून मासा कसा मिळतो? मी त्यांना मिशांबद्दल सांगितलं. मासा निसटताना पाणी हलतं, आणि ते हलणं उदाच्या मिशांना कळतं. काकांनी ऐकून घेतलं, पण पटल्यासारखा चेहरा केला नाही. त्यांचं म्हणणं, जाळं कुठे लावलंय हे उदांना आधीच माहीत असतं. तेही खरंच असेल. रोज त्याच जागी जाळं लावलं तर कोणालाही कळेल.

मला जे वर्गात सांगायचं होतं ते मात्र त्या उंचवट्यावर समोर पडलेलं होतं. हाच ऊद पाण्याबाहेर आला की वासावर जगतो. टोळीतले सगळे एकाच जागी विष्ठा करतात, येणारा प्रत्येक जण आधी तिथे नाक खुपसतो, कोण आलं होतं आणि कधी ते वाचतो, आणि आपली सही करून जातो. शिकार बिनवासाची, गावकी वासावर. अशा जनावराच्या कवटीत नाकाला किती जागा द्यायची, हा हिशेब निसर्गाला करावा लागलेला आहे.

साडेआठ

मालवण. बंदरावरचा लिलाव संपत आलेला. बांगड्याच्या टोपल्या, सौंदाळ्यांचा एक ढीग, आणि टोपल्यांच्या रेषेबाहेर शहाण्यासारखी बसलेली मांजरं. मी चहा आणि घावणे उरकून कॉलेजात गेले.

साडेदहा

प्रयोगशाळेत टेबलावर चार गोष्टी मांडल्या. एक कुत्र्याची कवटी, अखंड. दुसरी कुत्र्याचीच, नाकापासून मागपर्यंत मधोमध उभी कापलेली. तिसरी मांजराची. चौथा माझा लॅपटॉप, कारण उदाची कवटी आमच्या कपाटात नाही आणि असायलाही नको. जगातल्या संग्रहालयांनी कवट्यांचे सीटी स्कॅन आता सगळ्यांना खुले ठेवले आहेत. मालवणातल्या मुलीला आज उदाच्या नाकाच्या आतून फेरफटका मारता येतो. आमच्या वेळी पुस्तकातली एक काळीपांढरी आकृती, तीही झेरॉक्सची झेरॉक्स.

आधी अखंड कवटी हातोहात फिरवली. मुलं दात बघतात, नेहमीच. सुळे, मग ते मागचे कातरणारे दात. नाकाच्या भोकात बॅटरी मारा म्हटल्यावर मात्र एकेक जण गप्प झाला. आत हाडांच्या पातळ पापुद्र्यांची गर्दी असते. गुंडाळलेले, पुन्हा फाटे फुटलेले, एकमेकांत घुसलेले पापुद्रे. इतके पातळ की उजेड आरपार जातो. यांना टर्बिनेट म्हणतात. जिवंतपणी यांच्यावर ओलसर अस्तर असतं.

मग कापलेली कवटी. इथे दिसतं की या पापुद्र्यांची दोन खाती आहेत. पुढचं खातं श्वासाचं. बाहेरून आलेली हवा गरम करायची, ओली करायची. बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आणि ओल परत ठेवून घ्यायची. मागचं खातं वासाचं. त्या मागच्या पापुद्र्यांच्या अस्तरात वास ओळखणाऱ्या चेतापेशी बसलेल्या असतात. कुत्र्यात या मागच्या खात्याखाली हाडाची एक आडवी फळी असते. तिच्यामुळे वासाची खोली घशाकडे जाणाऱ्या मुख्य वाटेपासून वेगळी पडते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या ब्रेंट क्रेव्हन, एरिक पॅटरसन आणि गॅरी सेटल्स यांनी 2010 साली कुत्र्याच्या नाकाचं संगणकावर हुबेहूब प्रारूप करून त्यात हवा खेळवून पाहिली. हुंगताना आत आलेल्या हवेचा साधारण आठवा हिस्सा या मागच्या खोलीत शिरतो. श्वास बाहेर टाकताना मात्र त्या खोलीतली हवा ढवळली जात नाही. म्हणजे कुत्रा श्वास सोडत असतानाही आधीचा वास आत मुक्कामाला असतो.

आणि आता ज्यासाठी कवटी कापली ते. वासाच्या खोलीची मागची भिंत आणि मेंदूच्या खोलीची पुढची भिंत एकच असते, एक पातळ वाकडं हाड, भोकांनी भरलेलं. पुस्तकात त्याचं नाव क्रिब्रिफॉर्म प्लेट. वर्गात आम्ही त्याला चाळणीच म्हणतो. वासाच्या चेतापेशींचे धागे जुडग्या-जुडग्यांनी या भोकांतून मागे मेंदूच्या घ्राणकंदात जातात. दुसरी वाट नाही.

एका मुलाला कापलेला अर्धा भाग खिडकीशी धरायला सांगितला. चाळणीतून उजेडाचे ठिपके दिसले. "मॅडम, सगळी भोकं सारखी नाहीत," तो म्हणाला. नाहीतच. काही टाचणीच्या टोकाएवढी, काही त्याहून बरीच मोठी, कडेला एखादं लांबट. प्रत्येक भोक म्हणजे जिवंतपणी तिथून गेलेल्या चेतांच्या जुडग्याचं माप आहे. चेता कुजून गेल्या, कुत्रा जाऊन किती वर्षं झाली कोण जाणे, पण माप हाडात राहिलं.

याच मापावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत डेबोरा बर्ड आणि ब्लेअर व्हॅन व्हॅल्कनबर्ग यांनी बरीच वर्षं काम केलं. 2018 मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा: अंगाच्या आकाराचा हिशेब वजा करून चाळणीचं क्षेत्रफळ काढलं, तर ते त्या जातीत वास ओळखणारी किती जनुकं चालू स्थितीत आहेत याच्याशी सरळ रेषेत जुळतं. यामागचं कारण समजायला सोपं आहे. वासाची प्रत्येक चेतापेशी अशा एकाच जनुकाचं काम करते. जनुकं जास्त तर चेतांचे ताफे जास्त, ताफे जास्त तर मागे जायला भोकं जास्त. मग त्यांनी सुरीसारखे सुळे असलेल्या, हिमयुगात नामशेष झालेल्या स्मायलोडॉन या मार्जाराची चाळणी मोजली आणि त्या जनावराकडे अशी किती जनुकं असावीत याचा अंदाज बांधला. वासाची जनुकं हाती न लागलेल्या जनावराची, नुसत्या हाडावरून! मला हे काम फार आवडतं, आणि दर वर्षी मी ते गरजेपेक्षा जास्त वेळ सांगते.

इथे एक सावधगिरी मी फळ्यावर लिहून ठेवते. चाळणी मोठी याचा अर्थ वासांतला फरक ओळखायची ताकद मोठी. किती लांबून वास येतो, किती पुसट वास कळतो, हे त्यात थेट लिहिलेलं नसतं. कुत्र्याचं नाक माणसाच्या अमुक हजार पट, असले आकडे मुलं मोबाइलवरून घेऊन येतात. कोणत्या वासासाठी, हे विचारलं की आकडा गळून पडतो.

पाऊण वाजत आलेला

मांजराची कवटी शेवटी घेतली, घाईत. खरं तर तिला जास्त वेळ द्यायला हवा. मार्जारकुळात तोंड आखूड झालं, कारण आखूड जबड्याने चावा जोरकस बसतो. मुलांना वाटतं, म्हणजे नाकही गेलं. पण मार्जाराची कवटी कापली तर दिसतं की वासाचे पापुद्रे मागे, डोळ्यांच्या मधल्या जागेपर्यंत दाटीवाटीने बसलेले आहेत. जागेची ओढाताण झाली तेव्हा झळ पोचली ती मुख्यतः श्वासाच्या खात्याला. कुत्र्यासारखी लांबच लांब धाव मांजराला, बिबट्याला घ्यायची नसते, म्हणून त्यांना हे परवडतं. दबा धरणाऱ्याचं नाक आणि पळवून दमवणाऱ्याचं नाक. आंबोलीच्या जंगलात बिबट्या आणि रानकुत्रे एकाच डोंगरात शिकार करतात, एकाच सांबराच्या मागे दोन वेगळ्या कवट्या घेऊन.

दीड

डबा. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं आणि भात. तिरफळाचा वास स्टाफरूमभर. मराठीच्या बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

माणसाकडे वास ओळखणारी चालू जनुकं 396, कुत्र्याकडे 811. योशिहितो निमुरा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी 2014 साली हे मोजलं. पण त्याच यादीत गाईकडे 1186 आहेत, उंदराकडे 1130, आणि आफ्रिकी हत्तीकडे 1948. सगळ्यात पुढे हत्ती. जेवताना हे सांगितल्यावर मराठीच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे दोडामार्गात हत्तींना पिकलेला फणस कळतो तो असा." असेलही. कर्नाटकातून तिथे हत्ती उतरू लागल्याला वीस वर्षं उलटून गेली आहेत. त्यांना दोडामार्गातला फणस आणि केळी कुठे आहेत हे आता नाक न वापरताही ठाऊक असेल. मांसाहारी म्हणजे तिखट नाकाचा, हा आपला समज कुत्र्यावरून झालेला आहे. शाकाहाऱ्यांनाही विषारी पान आणि चांगलं पान वेगळं करायचं असतं, शिवाय मांसाहाऱ्याचा वास घ्यायचा असतो.

आणि आपण अगदीच ढ नाही. माणसाचं नाक म्हणजे काही कामाचं नाही, ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या पॉल ब्रोका या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाच्या वर्गवारीपासून रुजली. जॉन मॅकगॅन यांनी 2017 साली 'सायन्स'मध्ये तिचा व्यवस्थित समाचार घेतला. बाईंनी ऐकत ऐकत माझ्या डब्यातला दुसरा बांगडा उचलला होता.

अडीच

मागच्या व्हरांड्यात प्रयोगशाळा सहायकांची बादली. नवीन कवटी तयार होते आहे, हायवेवर गाडीखाली आलेल्या कुत्र्याची. याची पद्धत आमच्याकडे एकच: साधं पाणी, झाकण, आणि धीर. मांस सडून आपोआप सुटू द्यायचं, पाणी बदलत राहायचं. उकळायचं नाही. उकळलं की तासाभरात कवटी पांढरीशुभ्र होते, पण नाकातले पापुद्रे मांसाच्या चोथ्याबरोबर निघून जातात. कुठल्याही शाळेतली सांगाड्याची कवटी नाकातून रिकामी दिसते त्याचं बहुधा हेच कारण. साफ करणाऱ्याला तो कचरा वाटला.

सहायक काकांनी पाणी गाळलं. अगदी सावकाश, मलमलीच्या फडक्यातून. फडक्यात सुटे दात राहिले, आणि एक पापुद्रा, नखाएवढा, कडेला कुरळलेला. त्यांनी चिमट्याने उचलून काचेवर ठेवला. मी भिंगातून पाहिलं. दोन थर आणि त्यांच्यामध्ये एक फट. एका कडेला आणखी बारीक फाटा फुटलेला. वाऱ्याची झुळूक आली असती तर गेला असता. काकांनी पंखा आधीच बंद करून ठेवला होता. अशा वेळी व्हरांड्याला जो वास असतो त्याबद्दल शेजारच्या विभागाने आजवर बरंच काही म्हटलेलं आहे.

सव्वातीन

दुसऱ्या तुकडीला लॅपटॉपवर ऊद. इथे दिवसातली सगळ्यात महत्त्वाची आकडेमोड येते, म्हणून ती सकाळच्या तुकडीला पुरेशी न देता दुपारच्यांना दिली याबद्दल सकाळच्यांनी नंतर कुरकुर केली.

व्हॅन व्हॅल्कनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2011 साली जमिनीवरचे, गोड्या पाण्यातले आणि समुद्रातले असे अनेक मांसभक्षी सस्तन प्राणी घेतले. अस्वलं, रॅकून, मुस्टेलिड कुळातली जनावरं, म्हणजे बिज्जू, ऊद वगैरे, आणि सील. त्यांच्या कवट्यांचे स्कॅन करून नाकातल्या पापुद्र्यांचं क्षेत्रफळ मोजलं. जमिनीवरच्यांमध्ये वासाचा वाटा जास्त, श्वासाचा कमी, साधारण तीनास एक. पाण्यातल्यांमध्ये नेमकं उलट, एकास तीन. आणि सील व ऊद या दोन कुळांनी पाण्याची वाट स्वतंत्रपणे धरली, तरी दोघे त्याच प्रमाणावर येऊन थांबले.

कारण थंडी. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं. मग बाहेर जाणाऱ्या श्वासातली ऊब तरी राखून ठेवावी लागते, आणि ते काम पुढच्या पापुद्र्यांचं. नाकाची पोकळी तर तेवढीच. दात आहेत, डोळे आहेत, वाढवणार कुठे? पुढच्या खात्याने जागा मागितली, मागच्या खात्याने सोडली. पाण्याखाली वासाचा उपयोग नव्हता, म्हणून सोडता आली.

एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, आपल्याकडचं पाणी कुठे थंड आहे?" उत्तम प्रश्न. मालवणच्या खाडीचं पाणी म्हणजे आंघोळीचं पाणी. माझं उत्तर असं की अंगाच्या उष्णतेपेक्षा तेही गारच असतं, ऊद तासन्‌तास त्यात असतो, त्याच्या अंगावर सीलसारखा चरबीचा थर नसतो. शिवाय उदांच्या कुळाचा मोठा इतिहास आपल्या खाडीबाहेरचा आहे. तिला अर्धवट पटलं. मलाही या प्रश्नाचं पूर्ण उत्तर हवं आहे: गरम पाण्यातल्या उदांची नाकं वेगळी मोजून थंड पाण्यातल्यांशेजारी ठेवायला हवीत. तिला म्हटलं, एम.एस्सी.ला हाच विषय घे. ती हसली, बँकेच्या परीक्षा देणार आहे.

वासाने सोडलेल्या जागेची भरपाई कवटीत दुसरीकडे दिसते. डोळ्याखाली, वरच्या जबड्याच्या हाडात एक भोक असतं. मिशांच्या मुळांकडून येणारी चेता तिथून जाते. उदात ते लक्षात येण्याइतकं मोठं आहे. अमेरिकेतल्या लेनर्ड रॅडिन्स्की यांनी 1968 साली उदांच्या मेंदूंचे ठसे तपासले. माशांमागे पोहणाऱ्या काही उदांत मेंदूचा मिशा-तोंडाचा भाग फुगलेला निघाला. हाताने चाचपणाऱ्या उदांत पंजाचा भाग फुगलेला. तिलारीचा लहान नख्यांचा ऊद या दुसऱ्या, ॲओनिक्स गटातला. एकाच जिल्ह्यात, एकीकडे खाडी आणि एकीकडे सह्याद्रीचे ओढे, आणि दोन भाऊबंदांनी अंधारात जेवण शोधण्याचे दोन वेगळे उपाय काढले. तिलारीचं जवळपास साडेएकोणतीस चौरस किलोमीटर जंगल 2020 मध्ये संवर्धन राखीव झालं ते मुख्यतः वाघाच्या नावाने गाजलं. त्या ओढ्यातल्या खेकडेखाऊच्या नावाने कोणी पेढे वाटले नाहीत.

साडेचार

प्रश्नांचा तास, आणि मालवणात प्रश्नांचा तास डॉल्फिनवरच येतो. निम्म्या मुलांच्या घरी कोणी ना कोणी तारकर्लीला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी नेतं.

डॉल्फिन मांसाहारी, सस्तन. पण कुत्रा-मांजर-ऊद यांच्या गणातला नाही. त्याचा गोतावळा गाईगुरांचा, पाणघोड्याचा. म्हणजे ज्या घराण्यात गाईकडे 1186 गंधग्राहक जनुकं आहेत, त्याच घराण्यातल्या डॉल्फिनकडे मोजकीच उरली आहेत. प्रौढ डॉल्फिनच्या मेंदूला घ्राणकंद नसतो. गर्भात सुरुवातीला त्याची खूण उमटते आणि मग विरून जाते. नाकपुडी डोक्यावर सरकली, तिच्यातून फक्त श्वास. आणि जिथे चाळणी असायला हवी तिथे भरीव हाड. उदाने जागा कमी केली. डॉल्फिनने खातंच बंद केलं.

"मग तो मासा कसा शोधतो?" हे त्यांना माहीत होतं, आवाजाने, पण विचारायचं म्हणून विचारलं. मला मात्र सांगावंसं वाटलं ते दुसरंच. उदाला रोज खाडीच्या वाळूवर परत यावं लागतं, पिल्लं बिळात वाढवावी लागतात, शेजाऱ्याची बातमी विष्ठेत वाचावी लागते. म्हणून त्याचं नाक अजून खुलं आहे. डॉल्फिन कधीच परत येत नाही. जमिनीशी संबंध किती उरला, तेवढी भोकं उरली. सीलही बर्फावर, खडकावर पिल्लं देतो, आणि आई पिल्लाला वासानेही ओळखते. बलीन देवमाशांमध्ये थोडी घ्राणशक्ती शिल्लक आहे. ते माझ्या या नेटक्या सूत्रात बसत नाहीत, आणि एका मुलाने तेवढंच नेमकं विचारलं. हवेत श्वास घ्यायला वर आल्यावर ते क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जीवांच्या थव्यांचा वास घेत असावेत, असा एक तर्क आहे. मी तो सांगितला आणि माझं सूत्र फळ्यावरून अर्धं पुसलं.

सहा

वनविभागाला सकाळच्या नोंदी पाठवायच्या: घरट्याची जागा, किती अंडी वाचली, ठशांचे फोटो. उदाच्या जागेच्या नोंदीचा तक्ता वेगळा. दोन्हींत 'प्राण्याचे नाव' असा रकाना आहे. कोल्ह्याने वाळूवर कुठून वळण घेतलं यासाठी रकाना नाही, म्हणून ते मी 'शेरा'मध्ये लिहिते.

साडेनऊ

जेवून जर्नलं तपासायला घेतली. कुत्र्याच्या कवटीचा उभा छेद, नावं देऊन. बहुतेकांनी पापुद्र्यांच्या जागी सरळ रेघा मारून वेळ मारून नेलेली. एकीने मात्र तीन फाट्यांपर्यंत गुंडाळ्या काढल्या होत्या, पेन्सिल झिजेपर्यंत. तिला पूर्ण गुण. खिडकीशी कवटी धरणाऱ्या मुलाने चाळणीची वेगळी मोठी आकृती काढली होती, सगळी भोकं वेगवेगळ्या मापाची, कडेचं लांबट भोकसुद्धा. उदाच्या आकृतीत दोघांनी एकास तीनचं तीनास एक केलं होतं.

डॉल्फिनची आकृती सगळ्यात सोपी, कारण तिथे काढण्यासारखं काही नसतं, फक्त एक भरीव भिंत. तरी चौघांनी कुत्र्याच्या आकृतीवरून बघून तिथे ठिपके दिले होते, एकाने तर मोजून ओळीत. मी लाल पेनने ते ठिपके एकेक करून भरून काढले आणि अर्धा अर्धा गुण कापला.